आंबेशेतच्या तळ्यावरची हौस

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक फाडणं वरच्या हुकमाने बंद झालं, त्याच वर्षी रचना ओव्हाळ तिथे परिचर म्हणून लागली. मी प्राणिशास्त्र शिकवायचो. परिचराचं काम म्हणजे ट्रे धुणं, सूक्ष्मदर्शकं पुसून कपाटात ठेवणं, बरण्यांतलं फॉर्मॅलिन कमी झालं की भरणं. ती एमएस्सी झाली होती हे मला दोन महिन्यांनी कळलं, आणि तेही तिने सांगितलं म्हणून नव्हे.

त्या दिवशी मी एफवायच्या मुलांना बरणी दाखवून मरळ माशाबद्दल सांगत होतो. तास संपला, मुलं गेली. रचना ट्रे गोळा करता करता म्हणाली, "सर, ही मरळ नाही. मरळीची धाकटी बहीण आहे. शेपटीजवळचा ठिपका बघा."

मी पाहिलं. मग पुस्तक उघडून पाहिलं. ती बरोबर होती आणि मी सतरा वर्षं त्या बरणीवर मुलांना मरळ शिकवत होतो.

"तुला कसं कळलं?"

"एमएस्सीला मासेच घेतले होते मी. पण हे तिथे नाही कळलं. घरी दोन्ही खातो आम्ही. चव वेगळी लागते."

तेव्हापासून आमची मैत्री झाली म्हणा. मैत्री म्हणजे ती मला सर म्हणायची आणि माझ्या चुका काढायची.

रचना आंबेशेतची. अलिबागहून रोह्याकडे जाताना डोंगराच्या कुशीत शिरणारा एक फाटा आहे, तिथून तीन किलोमीटर आत. गाव भातशेतीचं. गावाच्या वरच्या अंगाला मातीचं छोटं धरण आहे; लोक त्याला तळंच म्हणतात. ते तळं झालं तेव्हा बौद्धवाडीची जवळजवळ सगळी जमीन पाण्याखाली गेली. ओव्हाळांचीही गेली. त्या बदल्यात रचनाचे वडील रामा ओव्हाळ यांना पाटकरी म्हणून नोकरी मिळाली. आपल्याच जमिनीवर साचलेलं पाणी कालव्यात सोडायचं, दुसऱ्यांच्या शेताला पुरेसं गेलं की दरवाजा बंद करायचा. हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं.

त्यांची थोरली बहीण गोदूबाई. नवरा लवकर वारला, तेव्हापासून भावाकडेच. सकाळभर लोकांच्या शेतावर काम आणि ऊन कललं की बांबूची काठी, दोरा आणि गरी घेऊन तळ्यावर. गरी म्हणजे गळ. आमच्याकडे गळाने मासे धरण्याला 'गरवणं' म्हणतात. गोदूबाई रोज गरवायला बसायची. मिळालं तर मिळालं. न मिळालं तरी दिवेलागणीपर्यंत बसायची. रचना तिच्याच शेजारी बसून अभ्यास करत मोठी झाली.

दोन हजार एकवीसच्या हिवाळ्यात विद्यापीठाची एक जाहिरात माझ्या हाती आली. गोड्या पाण्यातल्या हौशी मासेमारीच्या व्यवस्थापनावर पीएच.डी. करण्यासाठी दोन जागा, तीन वर्षांची शिष्यवृत्ती. शिष्यवृत्तीचा अर्धा भार मुंबईतल्या गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब उचलणार होता. परदेशात या विषयावर मोठमोठे विभाग आहेत. आपल्याकडे कुणी फारसं बघितलेलं नाही. तळ्यावर किती माणसं गळ टाकतात, काय धरतात, काय सोडतात, सोडलेला मासा जगतो का, तळ्याला किती माणसं झेपतील, असे त्यातले प्रश्न.

मी ती जाहिरात छापून रचनाच्या टेबलावर ठेवली. तिने ती उभ्याउभ्या वाचली.

"सर, हौशी म्हणजे कोण?"

"म्हणजे पोटासाठी न धरणारा. आवड म्हणून धरणारा."

तिने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

प्रवेश परीक्षा तिने पहिल्याच फटक्यात काढली. मुलाखतीला तीन माणसं होती. मार्गदर्शक म्हणून डॉ. केसर नाईक या बाई, विद्यापीठातलेच आणखी एक गृहस्थ, आणि क्लबतर्फे आलेले एक साहेब. तिथे काय झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी ट्रे धुता धुता सांगितलं.

क्लबच्या साहेबांनी विचारलं होतं, "तुम्ही स्वतः अँगलिंग करता?"

"गरवते. लहानपणापासून. माझी आत्या रोज गरवते."

"ते वेगळं," साहेब हसले होते. "गावातले लोक पोटासाठी धरतात. आपला विषय हौशीचा आहे."

"सर, तुम्ही मासा सोडून देता म्हणून ती हौस. माझी आत्या तो घरी नेऊन कालवण करते म्हणून ती भूक. तिला कधी कुणी विचारलं का, तू कशाला बसतेस म्हणून?"

"अच्छा. तुम्ही विचारलंत?"

"हो. म्हणाली, दिवसभर लोकांचं ऐकते, मग दोन तास कुणाचं ऐकायला नको म्हणून बसते. ही हौस नाही, तर हौस म्हणजे काय?"

मी कपाळावर हात मारला. "अगं, मुलाखतीत असं बोलतात का?"

"मग कुठे बोलतात, सर?"

तिचं नाव प्रतीक्षायादीत लागलं, पहिल्या क्रमांकावर. महिनाभराने निवड झालेल्यांपैकी एक मुलगा परदेशी गेला आणि जागा तिला मिळाली. कॉलेजातून बिनपगारी रजा घेऊन ती कामाला लागली. आता गंमत अशी की अभ्यासासाठी क्लबने जी तीन तळी सुचवली होती, त्यात एक आंबेशेतचं होतं. कारण तिथे क्लबची माणसं दर शनिवार-रविवारी जायची.

त्यांना तिथे आणलं अल्पेशने. अल्पेश पाटील गावातलाच, शाळेत रचनाच्या वर्गात होता. मुंबईतली नोकरी सोडून परत आला, तळ्याचा मासेमारीचा ठेका असलेल्या सोसायटीत शिरला आणि काठावर तंबूंचा कॅम्प काढला. गावातली पाच-सात पोरं त्याच्याकडे कामाला होती. वाईट माणूस नव्हे तो. गावात काहीतरी व्हावं असं त्याला मनापासून वाटायचं. फक्त त्याच्या 'गावा'त वाडी येत नव्हती, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

रचना पहिल्या दिवशी तळ्यावर गेली तेव्हा नवी पाटी लागलेली होती. 'कॅम्पच्या परवानगीशिवाय गळ टाकण्यास सक्त मनाई.' पाटीपासून वीस पावलांवर गोदूबाई काठी धरून बसलेली.

"आत्या, पाटी वाचलीस?"

"मला कुठं वाचता येतं?" गोदूबाईने दोरा हलवला. "आणि वाचता येत असतं तरी काय? पाटी काल-परवा आली. मी कवाची हाय."

कॅम्पच्या पहारेकऱ्याने तोपर्यंत दोनदा तिची काठी जप्त केली होती. तिने दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी नवा बांबू तोडला होता. बांबूला काय तोटा.

रचनाने मोजणी सुरू केली. तिची पद्धत साधी होती. महिन्याच्या तारखा चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायच्या, त्यातल्या आठ काढायच्या आणि त्या आठ दिवशी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत तळ्याभोवती फिरायचं. कोण बसलंय, किती तास, काय लागलं, किती लांब, किती वजन, नेलं की सोडलं. तारखा आधी कुणालाच ठाऊक नसायच्या, तिलासुद्धा. क्लबच्या लोकांचे तक्ते ती भरायची, तसेच वाडीच्या लोकांचेही. एक तक्ता मी पाहिलाय. 'गोदूबाई ओव्हाळ, वय अंदाजे सत्तर, साधन बांबू, बसण्याचा वेळ तीन तास, मासे दोन चिलापी, नेले.' शेवटचा रकाना होता, येण्याचं कारण. तिथे लिहिलं होतं, 'हौस.'

चार महिन्यांनी तक्ते पाहून डॉ. केसर नाईक चिडल्या. बाई शिस्तीच्या. "रचना, हे लोक परवानगीशिवाय बसतात. कॅम्पच्या हिशोबाने ही चोरी आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधात चोरांची मोजणी?"

"मॅडम, तळ्यातल्या माशाला परवाना दिसत नाही. ज्याने गळ टाकला तो मोजायला हवा. नाहीतर तळ्यात काय चाललंय ते कसं कळणार?"

"मी स्वतः येऊन बघते," बाई म्हणाल्या.

त्या डिसेंबरात आल्या. पाण्याची खोली मोजायची म्हणून होडी काढली होती. रचना, मॅडम, वल्ह्यावर रामाकाका. गोदूबाईला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपणच येऊन होडीत बसली. क्लबने दिलेलं पाण्याखालचं दाखवणारं यंत्र होतं, पण त्याची बॅटरी मध्येच संपली. मॅडम म्हणाल्या, चला, आता परत फिरू.

"कशाला परत?" गोदूबाई म्हणाली. "रामा, जरा डावीकडं घे. हां. हितं आपला मोठा बांध." रचनाने वजन बांधलेली दोरी सोडली. आजूबाजूला चौदा फूट होतं, तिथे नऊ भरलं. "आता सरळ. त्या पिंपळाच्या रेषेत. थांब. हितं टाक."

दोरी गेली ती जातच राहिली. एकोणतीस फूट.

मॅडमनी दोरीकडे पाहिलं. "इथे काय आहे?"

"आमची इहीर. आमच्या बापानं खणलेली. गावच्या इहिरीवर आमाला घेत न्हवते, म्हणून खणली." गोदूबाई पाण्याकडे बघत होती. "आता गावाचा मोठा मासा तिथंच ऱ्हायला येतो. त्याला कुणी आडवत न्हाय."

रामाकाकांनी वल्हं उचलून धरलं होतं. होडी जागच्या जागी हलत होती. रचनाला ही विहीर ठाऊक होती, पण ती का खणली हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

परतल्यावर मॅडम गाडीत बसता बसता एवढंच म्हणाल्या, "तळाचा नकाशा काढ. आणि माहिती कुणी दिली ते नावानिशी लिही. वाडीचे तक्तेही ठेव."

असं वाटलं की आता सगळं सुरळीत होईल. मग मे महिना आला.

एका सोमवारी सकाळी तळ्यात सात कटला मासे मरून वर आले. एकेक तीन-चार किलोचा. अल्पेशच्या पहारेकऱ्याने गावात सांगितलं की वाडीवाल्यांनी पाण्यात मासे मारायचं औषध टाकलं. तासाभरात ते गावभर झालं. त्या तळ्याचं पाणी गावाच्या नळाला जातं. बायकांनी हंडे ओतून दिले. कुणीतरी म्हणालं, ह्यांचं असंच. दुपारी पोलीस आले आणि रचनाचा धाकटा भाऊ संघर्ष याला चौकीवर घेऊन गेले. संघर्ष वायरमन. रविवारी तो गरवायला बसला होता, इतकाच पुरावा.

रचना विद्यापीठात होती. निरोप मिळताच निघाली आणि उतरली ती घरी न जाता सरळ तळ्यावर. मासे काठावर ओळीने टाकलेले होते. अल्पेश होता, सरपंच होते, पंचनाम्याला आलेले हवालदार होते, आणि निम्मं गाव. वाडीतली माणसं जरा लांब उभी होती. एकटी गोदूबाई पुढे होती.

"पाण्याचं नाव घेऊन आमच्यावर बोट दाखवायची ही काय पैली येळ हाय?" ती अल्पेशला विचारत होती. "तुझा आजा बी असाच बोलायचा. आणि महाड काय हितून लांब न्हाय, पोरा."

अल्पेश खाली बघत होता. "आत्या, मी तुमचं नाव नाही घेतलं."

"नाव न्हाय घेतलंस. वाडी घेतलीस."

रचनाने पिशवीतून कात्री आणि चिमटा काढला. मासे मोजायच्या पिशवीत ते तिच्याजवळ नेहमी असायचे. हवालदारांना म्हणाली, "साहेब, मी मासे उघडून बघते. तुमच्यासमोर. चालेल?"

हवालदार मुरुडचे, कोळ्याघरचे. म्हणाले, "बघा बाई. मलाबी बघायचंय."

तिने आधी पाण्याकडे बोट केलं. काठाच्या उथळ पाण्यात खवल्या नावाच्या बोटाएवढ्या मासळ्या झुंडीने फिरत होत्या. "औषध टाकलं असतं तर आधी ह्या मेल्या असत्या. लहान मासा पहिला जातो. इथे एकही लहान मासा मेलेला नाही. फक्त मोठे कटला. सात."

मग ती मांडी घालून बसली आणि एकेक मासा उघडला. पहिल्याच्या घशात गळ रुतलेला, त्याला तुटका दोरा. हातभर बारीक नायलॉन, वाडीत कुणाकडे नसलेला. दुसऱ्याचे कल्ले फाटलेले. तिसऱ्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर दोन्ही बाजूंनी निघालेला, माणसाच्या दोन तळव्यांच्या मापाने. सातही झाले. प्रत्येकाच्या तोंडात गळाची जखम होती.

"हे शनिवार-रविवारी कॅम्पवर लागलेले मासे आहेत," रचना म्हणाली. "चिठ्ठीत दोन्ही तारखा निघाल्या होत्या, माझ्याकडे तक्ते आहेत. कटला एकूण एकवीस लागले, सगळे सोडले. भर दुपारी पाणी तापलेलं, त्यात मासा अर्धा तास ओढायचा, मग वर काढून फोटो. एक फोटो, दुसरा फोटो, वजन, पुन्हा फोटो. मग सोडायचा. तो पोहत जातो. आपल्याला वाटतं, जगला. तो खाली जाऊन मरतो."

हवालदारांनी घशातला गळ पिशवीत घालून घेतला. संध्याकाळी संघर्ष घरी आला.

गर्दी पांगल्यावर अल्पेश तिच्याजवळ आला. "रचना, चुकलं माझं. पहारेकऱ्याला मी बघतो. पण हे तू क्लबला कळवणार?"

"मी मोजते तेच लिहिते."

"कॅम्प बंद पडेल. गावची पोरं घरी बसतील. तुला चालेल?"

"माझा भाऊ चौकीवर बसला होता, अल्पेश. ते तुला चाललं."

तो गेला. रचना पाण्याजवळ जाऊन हात धूत बसली.

सहामाही अहवालात तिने सगळं लिहिलं. क्लबकडून पत्र आलं. भाषा गोड होती. वाडीच्या लोकांचे तक्ते विषयाबाहेरचे असल्याने वगळावेत. माशांच्या मृत्यूबद्दलचा भाग पुरेसा पुरावा नसल्याने वगळावा. तसं झाल्यास शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवता येईल.

ते पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. मी तोवर निवृत्त झालो होतो. आता जे लिहितोय ते लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. मी म्हणालो, "पानं काढ. पदवी पदरात पाडून घे. मग काय भांडायचं ते भांड."

तिने पत्र माझ्यापुढे ठेवलं. "सर, तुम्ही सतरा वर्षं त्या बरणीवर मरळ शिकवलीत. चुकून. मी जाणूनबुजून शिकवू?"

मी पत्र उचलून पुन्हा वाचायला लागलो.

"पानं काढली तर आत्या चोर ठरते आणि संघर्षने औषध टाकलं हे तसंच राहतं. पुढे कुणी हा प्रबंध वाचला तर त्याला वाटेल, आंबेशेतच्या तळ्यावर फक्त मुंबईची माणसं येत होती. आम्ही नव्हतोच. आमची जमीन पाण्याखाली गेली, सर. पानं पण घालू?"

तिने क्लबला दोन ओळींचं उत्तर पाठवलं. पानं काढणार नाही. मात्र एका गोष्टीत क्लबचं म्हणणं योग्य आहे, पुरावा कमी आहे. तो गोळा करते.

क्लबचा वाटा बंद झाला आणि शिष्यवृत्तीच थांबली. ती पुन्हा ट्रे धुवायला कॉलेजात आली. डॉ. केसर नाईक यांच्यावरही दडपण आलं असणार. त्या त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. नोंदणी अर्धवेळ करून घेण्याच्या अर्जावर त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "मला आता दोन वर्षं फोन करून रडायचं नाही. आकडे घेऊन ये."

ती आकडे आणायला लागली. रामाकाकांनी आणि तिने बांबू आणि जाळीचे दोन मोठे पिंजरे बांधले आणि तळ्यात सोडले. कॅम्पवर मासा लागला की ती तो मागून घ्यायची, दोन दिवस पिंजऱ्यात ठेवायची, जगतो की मरतो ते बघायची. दुसऱ्या पिंजऱ्यात जाळ्याने धरलेले, गळ न लागलेले मासे, म्हणजे पिंजऱ्यामुळेच मेले असं कुणी म्हणायला नको. पावसाळ्यानंतर केलं, हिवाळ्यात केलं, पुढच्या मेमध्ये केलं. चिठ्ठीत निघालेल्या तारखेला पहाटेची एसटी पकडायची. साठलेली सगळी रजा त्यात गेली. एकदा तापात गेली. आई म्हणाली, मरशील. गोदूबाई म्हणाली, "जाऊ दे तिला. घरात बसून बरी व्हणार हाय का ती?"

क्लबच्या काही लोकांनी मासे द्यायला नकार दिला. पण सगळ्यांनी नव्हे. एक पारशी म्हातारे गृहस्थ होते, चाळीस वर्षं गळ टाकणारे. पिंजऱ्यातला मेलेला कटला पाहून ते खाली बसले. म्हणाले, "मी आजवर किती सोडले असतील!" त्या दिवसापासून ते लागलेला प्रत्येक मासा पाण्यातच ठेवून स्वतः तिच्याकडे आणून द्यायचे.

दोन वर्षांचे आकडे जमले. हिवाळ्यात सोडलेला मासा बहुतेक जगत होता. उन्हाळ्यात भर दुपारी लागलेल्या तीन कटलांतला एक मरत होता. आणि वाडीच्या लोकांनी दोन वर्षांत जे नेलं, त्यात मोठा कटला फक्त चार वेळा. बाकी सगळी चिलापी, म्हणजे बाहेरून आलेली, दुसऱ्या माशांना पुरून उरणारी तिलापिया, जी तळ्यात कमी झाली तर चांगलंच.

हे घेऊन ती ग्रामसभेत उभी राहिली. मी गेलो होतो. शाळेच्या वर्गात सभा होती, लोक बाकांवर अवघडून बसलेले. कुणीतरी मागून म्हणालं, "आता आमाला मासे धरायला पण शिकवणार का ही?"

"हो," रचना म्हणाली. "तुम्हाला पण, कॅम्पला पण, वाडीला पण. तळं कुणा एकाचं नाही म्हणता ना? मग नियम पण सगळ्यांना एकच पाहिजे."

तिने नियम वाचले. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहापासून चारपर्यंत कुणीही गळ टाकायचा नाही. दोन किलोवरचा कटला कुणीही न्यायचा नाही, कॅम्पने नाही, वाडीनेही नाही. सोडायचा मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. आणि गावात राहणाऱ्या कुणालाही बांबूच्या काठीने गरवायला परवानगी लागणार नाही.

शेवटच्या नियमावर गलका झाला. सोसायटीची दोन माणसं उठून गेली. सगळ्यांचं लक्ष अल्पेशकडे होतं. तो उभा राहिला.

"माझं नुकसान आहे यात," तो म्हणाला. "पण मासेच मेले तर मी कॅम्प कशाचा चालवू? घ्या लिहून." मग रचनाकडे न बघता म्हणाला, "पाटी मी काढतो."

रचनाने त्याचे आभार मानले नाहीत. मला ते जरा खटकलं, तसं मी बाहेर आल्यावर म्हणालोही. ती म्हणाली, "आमचंच आम्हाला परत दिलं, सर. आभार कसले?" पुढे कधीतरी त्या दोघांचं बोलणं सुरू झालं, पण कामापुरतंच.

प्रबंध गेल्या वर्षी सादर झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत दीड तास घेतला. पिंजऱ्यांवर त्यांनी इतके आडवेतिडवे प्रश्न विचारले की डॉ. केसर नाईकांचा चेहरा उतरला. रचना एकेकाला उत्तर देत गेली. दोन ठिकाणी "हे मला माहीत नाही" म्हणाली. गोदूबाई मागच्या रांगेत नव्या लुगड्यात बसली होती आणि मध्येच झोपली होती. पदवी जाहीर झाल्यावर तिला उठवलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "झालं का त्यांचं समाधान?"

कॉलेजात मात्र काही बदललं नाही. प्राध्यापकाची जागा निघालेली नाही, निघेल तेव्हा ती अर्ज करणार आहे. तोवर परिचरच. प्रयोगशाळेला लागून सामानाची खोली आहे, तिथे तिचं टेबल. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा त्या खोलीच्या दारावर पितळी पट्टी होती, 'डॉ. रचना रामा ओव्हाळ'. संघर्षने स्क्रू मारून बसवलेली.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. नियमात बसत नाही म्हणाले. परिचराच्या खोलीला नावाची पट्टी नसते.

"नियमाचा कागद दाखवा, सर. मी काढते."

कागद अजून सापडलेला नाही. परवा मी काही जुनी पुस्तकं द्यायला गेलो होतो. पट्टी जागेवर होती, रचना आत नव्हती. शिपाई म्हणाला, "डॉक्टरीणबाई रोह्याला गेल्या. तिथल्या तळ्यावर बी कुणीतरी पाटी लावलीय म्हणे."